जुन्या दांड्या, नवे लिफ्टर आणि आपला मापनाचा तास



इथे आपण बहुतेक वेळा निबंध, पत्रलेखन, कवितेचे प्रश्न असं वाचतो. आज विषय जरा वेगळा आहे. बुलेटच्या इंजिनातले हायड्रॉलिक लिफ्टर बदलताना पुशरॉडची लांबी कशी ठरवायची, यावर मी लिहिणार आहे. "सर, याचा शाळेशी काय संबंध?" असं कुणी विचारेल. शेवटपर्यंत वाचा, मग बोला. मी डी.एड. झालेला प्राथमिक शिक्षक आहे, मेकॅनिक नाही. पण या एका दांडीनं माझ्या माजी विद्यार्थ्याचा पगार कापला गेला, आणि त्यात माझाही हात होता. म्हणून लिहिणं भाग आहे.

माझ्याकडे २०१२ ची क्लासिक ३५० आहे, दुसऱ्याकडून घेतलेली. अमरावतीहून बडनेरा, लोणी करत मूर्तिजापूरच्या अलीकडं माझं रोजचं जाणं-येणं. हा तोच रस्ता, जिथं जून २०२२ मध्ये लोणी ते माना या पट्ट्यात ७५ किलोमीटर डांबरीकरण सलग १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज बुकात नाव गेलं. त्यामुळं गाडीला खड्ड्यांचा त्रास नाही. पण गेल्या दिवाळीनंतर इंजिनातून टिकटिक यायला लागली. आधी फक्त सकाळी थंड असताना, मग दिवसभर. शाळेच्या फाटकात गाडी शिरली की पोरं म्हणायची, "सरांचं घड्याळ आलं."

आता थोडं समजून घेऊ. जुनी बिडाच्या इंजिनाची बुलेट ज्यांनी वापरली आहे त्यांना टॅपेट सेट करणं माहीत असतं. १९५५ पासून आपल्याकडं चेन्नईत ही गाडी बनायला लागली, आणि त्या जुन्या इंजिनात पुशरॉडच्या खालच्या टोकाला आटे असतात. झाकण उघडायचं, दोन पाने लावायचे आणि दांडी लांब-आखूड करायची. इंजिन थंड असताना दांडी बोटांनी गरगर फिरली पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. झाला टॅपेट सेट. आपल्याकडचे जुने मिस्त्री हे काम डोळे मिटून करतात.

साधारण २००८-०९ पासून नवं इंजिन आलं, ज्याला मिस्त्री लोक यूसीई म्हणतात. त्यात टॅपेट सेट करायची भानगडच ठेवली नाही. कॅमच्या वर एक छोटी नळकांडी बसते, तिला हायड्रॉलिक लिफ्टर म्हणतात. तिच्यात दट्ट्या असतो, दट्ट्याखाली स्प्रिंग आणि ऑईल असतं, आणि ऑईल आत घेऊन परत न सोडणारी बारीक झडप असते. दट्ट्याच्या वरच्या कटोरीत पुशरॉड उभा राहतो. पुशरॉड वर रॉकरला ढकलतो आणि रॉकर व्हॉल्व्हला दाबतो. कॅम विसाव्याला असताना स्प्रिंग दट्ट्याला हलकेच वर ढकलून सगळी फट भरून काढते, रिकाम्या जागेत ऑईल येतं. कॅम उचलायला लागला की ऑईल आत कोंडतं आणि लिफ्टर लोखंडाच्या ठोकळ्यासारखा घट्ट होतो. ही कल्पना बरीच जुनी आहे, अमेरिकेत १९३० च्या सोळा सिलिंडरच्या कॅडिलॅकमध्ये फट आपोआप भरून काढणारी अशी ऑईलची रचना होती.

पोरांना हे दाखवायला मी दोन सिरिंजा वापरतो. एकीत पाणी भरा, टोक बोटानं दाबा आणि दट्ट्या ढकला. जागचा हलत नाही. दुसरीत नुसती हवा ठेवा. दट्ट्या अर्ध्यापर्यंत जातो. तिसऱ्या वेळी पाण्यात थोडे बुडबुडे येऊ द्या. दट्ट्या थोडा दबतो आणि मग अडतो. लिफ्टरची टिकटिक कधीकधी हीच असते. ऑईल कमी झालं, पातळ झालं किंवा त्यात हवा शिरली की आवाज येतो. म्हणून इंजिन खोलण्याआधी ऑईलची पातळी आणि ऑईलचा नंबर पाहावा (या गाडीला १५डब्ल्यू५० सांगतात). अर्ध्या लोकांची टिकटिक तिथंच थांबत असावी, असा माझा अंदाज आहे. माझी थांबली नाही.

या रचनेची गोम अशी की इथं पुशरॉडला आटे नाहीत. दांडी ठरलेल्या लांबीची येते. लांबीतला बारीकसारीक फरक दट्ट्या आपल्या पोटात घेतो. दांडी बसवल्यावर दट्ट्या वरच्या टोकापासून जितका खाली दाबला जातो, त्याला प्रीलोड म्हणतात. दांडी आखूड पडली तर दट्ट्या वरच्या क्लिपला टेकून थांबतो, फट राहते आणि टिकटिक होते. दांडी लांब पडली तर दट्ट्या तळाला जाऊन टेकतो, आणि मग व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही. आवाज करणारं इंजिन निदान सांगतं तरी. दुसऱ्या प्रकारात गाडी शांत असते आणि आतून व्हॉल्व्ह जळत असतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता सीटला टेकून बाहेर टाकतो. सीटला टेकलाच नाही तर उष्णता जाणार कुठं?

माझ्या गाडीत हेच झालं.

अमरावतीत ज्या गॅरेजात मी गाडी नेली, त्याचं नाव घेत नाही. तिथं माझा एक माजी विद्यार्थी कामाला आहे. बारावी झाला, वय एकोणीस. चौथी-पाचवीत माझ्याच वर्गात होता, हाताचा फार हुशार. त्यानं गाडी खोलली, दोन्ही लिफ्टर काढले, एकाच्या कटोरीला चांगलीच झीज दिसत होती. बाजारातून नवे लिफ्टर आणले. कंपनीचे नव्हते, स्वस्त होते आणि ते आणा असं मीच म्हटलं होतं. मग त्यानं विचारलं, "सर, दांड्या जुन्याच टाकू की नव्या पाहू?" मी म्हणालो, "जुन्याच टाक ना बापा, लोखंडाला काय होते?" हे माझे शब्द आहेत. मालकानंही मान हलवली, गाडी बांधली गेली.

किक मारली तर पाय अलगद खाली गेला, कॉम्प्रेशनच नाही. मालक म्हणाला, "लिफ्टर भरले आहेत, थोडं थांबा, बसतील." हे चूक नव्हतं. नवे लिफ्टर ऑईलनं भरून बसवले की दट्ट्या लगेच दबत नाही, व्हॉल्व्ह थोडा उघडा राहतो, आणि ऑईल झिरपून दट्ट्या जागेवर यायला वेळ द्यावा लागतो. आम्ही चहा घेतला. गाडी सुरू झाली. टिकटिक बंद! मी खूश. पण रोज सकाळी तोच प्रकार, थंड असताना किक हलकी आणि पाच-सात मिनिटं चालली की जरा बरी. मी म्हटलं, नवीन सामान आहे, घासून बसेल. तीन आठवड्यांनी चढावर गाडी दम सोडायला लागली, सायलेन्सरमधून फाटफाट आवाज. खोललं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळालेली.

मालकानं खापर पोरावर फोडलं. त्याच्या पगारातून दोन हजार कापले. मला हे कळलं त्याच्या आईकडून. ती कापूस वेचून येताना शाळेच्या फाटकाशी थांबली. म्हणाली, "सर, तुमच्या गाडीपायी माह्या पोराचे दोन हजार कापले जी. त्यानं तं तुमालेच इचारून दांड्या टाकल्या म्हनते." मला उत्तर देता आलं नाही.

मग मी गाडी अकोल्याला एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं नेली. त्यांनी इंजिन खोलायच्या आधी एकच प्रश्न विचारला. "मास्तर, हे दांडी कोनं मोजली होती?" मी म्हणालो, कुणीच नाही. "मंग टाकली कशी?"

त्यांनी जे केलं ते सविस्तर सांगतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. त्यांच्याकडं घरी बनवलेली मोजायची दांडी होती. जुना पुशरॉड मधून कापून त्यात सहा मिलिमीटरचा बोल्ट आणि नट बसवलेला. बाहेर देशात अशा लांब-आखूड होणाऱ्या मोजणीच्या दांड्या विकतही मिळतात. सहा मिलिमीटरच्या साध्या बोल्टचा आटा एका फेऱ्याला बरोबर एक मिलिमीटर सरकतो. म्हणजे बोल्ट एक फेरा फिरवला की दांडी एक मिलिमीटरनं वाढली. पट्टीची गरजच नाही, फेरे मोजायचे!

पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणला, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आणि कॅम विसाव्याला. कोरडा लिफ्टर, ऑईल नसलेला, दट्ट्या वर. मोजायची दांडी आखूड करून घातली, रॉकर घट्ट बांधला, आणि वर-खाली हलणं थांबेपर्यंत बोल्ट फिरवत नेला. इथं एक बारकावा आहे, तो जुन्या बुलेटवर हात बसलेल्या सगळ्यांनी लक्षात ठेवावा. जुन्या बुलेटला दांडी बोटांनी गरगर फिरवून पाहतात. हायड्रॉलिक लिफ्टरच्या दट्ट्याखालची स्प्रिंग मऊ असते, म्हणून दांडी दबलेली असतानाही फिरत राहते आणि आपण फसतो. दांडी फिरवून पाहायची नाही, वर-खाली हलवून पाहायची. हलणं जिथं संपलं तिथं थांबायचं. ती लांबी म्हणजे शून्य फटीची लांबी.

ती दांडी बाहेर काढून माझ्या जुन्या पुशरॉडशेजारी उभी केली. आमचा १५० मिलिमीटरचा व्हर्निअर असल्या कामाला अपुरा पडू शकतो, त्यांच्याकडं मोठा होता. जुनी दांडी ३.४ मिलिमीटरनं लांब निघाली. मग त्यांनी लिफ्टर हातात घेतला, दट्ट्या तळापर्यंत दाबून त्याचा पूर्ण प्रवास मोजला. ३.२ मिलिमीटर. आता दुसरीचा मुलगाही सांगेल. दट्ट्या ३.२ पेक्षा जास्त खाली जाऊच शकत नाही, आणि माझी दांडी त्याला ३.४ खाली ढकलत होती. उरलेले ०.२ कुठं गेले? ते व्हॉल्व्हनं सोसले. रॉकरमुळं व्हॉल्व्हच्या बाजूला फरक आणखी वाढतो, सोयीसाठी दीडपट धरला तर व्हॉल्व्ह ०.३ मिलिमीटर उघडा. ०.३ म्हणजे पातळ पुठ्ठ्याएवढी फट.

(सकाळी वाईट आणि तापल्यावर बरी, याचाही थोडा खुलासा इथं होतो. सिलिंडर आणि हेड ॲल्युमिनियमचे. ॲल्युमिनियम तापलं की पोलादाच्या साधारण दुप्पट पसरतं. १५० मिलिमीटर उंचीचं ॲल्युमिनियम १०० अंशांनी तापलं तर सुमारे ०.३६ मिलिमीटर वाढेल, तेवढंच पोलाद ०.१८. फरक ०.१८, म्हणजे जवळजवळ ०.२! दांडी पोलादाची असेल तर तापल्यावर ती तेवढी आखूड पडल्यासारखी होणार. अर्थात व्हॉल्व्हची दांडीही तापून वाढते, त्यामुळं हिशेब इतका सरळ नाही. पण सातवी-आठवीच्या विज्ञानाच्या शिक्षकांनी उष्णतेच्या प्रसरणाला हे उदाहरण घ्यायला हरकत नाही. रेल्वेच्या रुळातली फट पोरांना पाठ आहे.)

मग प्रश्न आला, गाडी कंपनीतून आली तेव्हा दांडी बरोबर होती, आता लांब कशी झाली? दांडी लांब झालीच नव्हती. तिच्या भोवतालचं जग आखूड झालं होतं. आधीच्या मालकानं कधीतरी हेड काढून लेथवर फेस मारून घेतलं होतं. मिस्त्रींनी हेडची जाडी दुसऱ्या न फेसलेल्या हेडशी ताडून पाहिली, ०.५ मिलिमीटर कमी. हेड तेवढं खाली आलं की रॉकरही खाली येतो, आणि ते पूर्ण ०.५ दट्ट्यावर येतं. व्हॉल्व्हच्या सीटा कापलेल्या होत्या, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ०.६ मिलिमीटर आत बसला होता, म्हणजे त्याची दांडी वर तेवढी जास्त निघाली होती. रॉकर तराजूसारखा असतो, पण त्याचे हात सारखे नसतात. दीडपटीच्या हिशेबानं ०.६ भागिले १.५ म्हणजे ०.४ मिलिमीटर पुशरॉडच्या बाजूला. पॅकिंग नवीन पातळ घातलेलं, ०.३. बेरीज करा. ०.५, ०.४ आणि ०.३ मिळून १.२ मिलिमीटर. आणि मी हट्टानं आणवलेल्या स्वस्त लिफ्टरची कटोरी कंपनीच्या लिफ्टरपेक्षा ०.६ मिलिमीटर उंच निघाली. जुने लिफ्टर इतके दिवस चालले कारण ते कंपनीचे होते आणि वरून झिजून आखूड झाले होते. एका दोषानं दुसरा झाकला होता. नवीन सामान आलं आणि झाकण उघडलं.

याच्या उलटही होतं, तेही सांगून ठेवतो. कॅम घासून परत केला असेल तर त्याचा विसाव्याचा गोल लहान होतो. जाड पॅकिंग घातलं तर हेड वर जातं. तेव्हा जुनी दांडी आखूड पडते आणि नवे लिफ्टर घालूनही टिकटिक जात नाही. मग लोक म्हणतात, लिफ्टरच बोगस आहेत.

आता नेमकी लांबी किती घ्यायची? ज्या इंजिनाच्या पुस्तकात प्रीलोडचा आकडा दिला आहे, तिथं तोच. अमेरिकेतल्या जुन्या व्ही-८ मोटारींना साधारण ०.५ ते १.५ मिलिमीटर प्रीलोड ठेवायची रीत आहे. तिथल्या कितीतरी इंजिनांत रॉकरचा नट फिरवून प्रीलोड देतात. नटाचे आटे इंचाला २४ असतील तर एका फेऱ्याला सुमारे १.०६ मिलिमीटर. शून्य फटीपासून अर्धा फेरा म्हणजे नट अर्धा मिलिमीटर खाली, असं सोपं. आपल्या गाडीला असा नट नाही, म्हणून दांडीच निवडावी लागते. अकोल्याच्या मिस्त्रींनी कंपनीचे लिफ्टर घेतले आणि दट्ट्या त्याच्या प्रवासाच्या मधोमध ठेवायचं ठरवलं. ३.२ चा निम्मा १.६. शून्य फटीची लांबी अधिक १.६, ही हवी ती दांडी. ती माझ्या जुन्या दांडीपेक्षा १.२ मिलिमीटरनं आखूड भरली, म्हणजे वरच्या बेरजेइतकीच. आकडे इतके जुळलेले पाहून मीच उडालो. मिस्त्रींना नवल वाटलं नाही. इनलेटचा फरक वेगळा निघाला, त्याची दांडी वेगळी मोजली. दोन्ही दांड्या एका मापाच्या असतील असं धरून चालूच नये, आणि काढताना कोणती कुठली याची खूण करून ठेवावी.

दांडीचं टोक काढून, नळी लेथवर कापून, टोक परत दाबून बसवलं. हे काम ऐऱ्यागैऱ्याचं नाही. टोकं कडक केलेली असतात, नळी सरळ कापली गेली नाही तर दांडी वाकडी चालते. खाली जाड पॅकिंग घालून थोडा फरक भरून काढायचाही मार्ग होता, पण त्यांनी तो घेतला नाही. माझे आकडे माझ्या गाडीचे आहेत, कृपया कुणी वाचून आपल्या गाडीची दांडी १.२ मिलिमीटर कापू नये! मोजायची पद्धत घ्यावी.

आता माझं मत. काही शिक्षक मित्रांना कडू लागेल.

लिफ्टर बदलताना पुशरॉड मोजलाच पाहिजे. जुनी दांडी परत घालायला हरकत नाही, पण मोजून. न मोजता घातलेली जुनी दांडी आणि न मोजता घातलेली नवी दांडी, दोन्ही सारख्याच आंधळ्या. "गाडीसोबत आलेली दांडी आहे, चूक कशी असेल" हे वाक्य मी स्वतः बोललो आहे. दांडी गाडीसोबत आली हे खरं, पण मधल्या दहा वर्षांत त्या गाडीचं हेड, सीट, पॅकिंग, लिफ्टर सगळं बदललं. लोक म्हणतील, एवढं कोण मोजत बसतं, गिऱ्हाईक दारात उभं असतं. त्यांचंही खरं आहे. रोज पाच गाड्या काढणाऱ्या गॅरेजला अर्धा तास जास्त परवडत नाही, आणि आम्ही गिऱ्हाईकं मजुरीत पन्नास रुपये कमी करा म्हणून घासाघीस करतो. मोजण्याच्या वेळेचे पैसे द्यायला आपण तयार नसतो. तरीही माझं म्हणणं तेच. जळालेला व्हॉल्व्ह, परत हेड खोलणं आणि एका पोराचे दोन हजार, हे त्या अर्ध्या तासापेक्षा महाग पडलं.

पण त्या पोराला मोजायला शिकवायचं काम कुणाचं होतं? त्याची पाचवीची गणिताची वही मला आठवते. मापनाच्या धड्यात त्याला पैकीच्या पैकी मिळाले होते, मीच दिले. पेन्सिलीचं चित्र, खाली छापलेली पट्टी, पेन्सिल बरोबर शून्यावर ठेवलेली. किती सेंटिमीटर? सात. शाब्बास. त्यात त्यानं मोजलं काय? छापलेला आकडा वाचला. पेन्सिल शून्यावर पुस्तकानं ठेवली होती. मी कधी त्याला तुटकी पट्टी दिली नाही, जिची सुरुवात तीनपासून होते. कधी विचारलं नाही, की ही लांबी कुठून कुठपर्यंत धरायची. पुशरॉडच्या बाबतीत हाच पहिला प्रश्न असतो. टोक गोल असतं, टोकाला ऑईलचं भोक असतं. कुणी टोकापासून टोकापर्यंत मोजतो, कुणी गोलाईचा आधार धरून. दोन दुकानदारांनी सांगितलेली एकच लांबी प्रत्यक्षात वेगळी निघू शकते. म्हणून एकाच साधनानं, एकाच रीतीनं, जुनी आणि नवी शेजारी ठेवून मोजायची.

आणि पोरांच्या पट्टीवरचं सगळ्यात लहान घर एक मिलिमीटरचं. आपण वर्गात म्हणतो, "एवढ्या-तेवढ्यानं काय होते, जवळपासचा आकडा लिहा." माझ्या गाडीचा व्हॉल्व्ह ०.२ मिलिमीटरमुळं जळाला, त्या घराच्या पाचव्या भागामुळं. कुठं जवळपास चालतं आणि कुठं चालत नाही, हा खरा मापनाचा धडा, आणि तो मी शिकवला नव्हता. कपड्याच्या दुकानात बोटभर चालतं, शेताच्या बांधावर वावभराचं भांडण होतं, लिफ्टरमध्ये केसाएवढं नडतं.

यंदा मी दोन पुशरॉड, एक खोललेला लिफ्टर आणि तो जळका व्हॉल्व्ह वर्गात नेला. सत्तावीस पोरं. प्रत्येकानं एकच दांडी मोजली आणि फळ्यावर आकडा लिहिला. सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठ्या आकड्यात चार मिलिमीटरचा फरक पडला. दांडी एकच! कुणी पट्टीच्या कडेपासून मोजलं, कुणी एकपासून, कुणी पट्टी तिरपी धरली. एका मुलीनं दांडी दोन पुस्तकांच्या मध्ये उभी धरून पुस्तकांमधलं अंतर मोजलं. तिचा आकडा व्हर्निअरच्या सगळ्यांत जवळ होता. मी तिला ते शिकवलेलं नव्हतं. घरी तिचे वडील सुतारकाम करतात.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना, गावातल्या कारागिरांसोबत शिकण्याचे सांगितले आहेत. आपल्याकडं ते दिवस बरेचदा रांगोळी आणि भाषणात जातात. एक दिवस गॅरेजात न्या. गाडी खोलायला नाही, नुसतं मोजायला. पालकांनो, तुम्हाला वाटेल, मास्तर पोरांना मिस्त्री करायला निघाला. काळजी नको. २०२० मध्ये मीटिओर आली तिच्यात कॅमच वर गेला, पुशरॉड राहिलेच नाहीत. दहा वर्षांनी ही दांडी भंगारात दिसेल. पण तुमचा मुलगा डॉक्टर झाला तरी औषधाचं माप घेईल, इंजिनियर झाला तरी सळई मोजेल, आणि शेती केली तर फवारणीच्या पंपात औषध मिलिलिटरमध्ये टाकेल. ते माप आपल्या यवतमाळ-अकोल्याकडं किती जिवावर बेततं हे मी सांगायला नको.

मालकाशी मी बोललो. कापलेले पैसे परत द्यायला तो तयार झाला नाही, म्हणून मी स्वतःचे दोन हजार घेऊन त्या पोराच्या घरी गेलो. त्याची आई घ्यायला तयार, तो तयार नाही. बराच वेळ नाही-हो झालं. शेवटी म्हणाला, "सर, पैसे नको, मले एक व्हर्निअर घेऊन द्या. पन मोठा. अन् डिजिटल नको, त्याचा सेल संपते."

मागच्या रविवारी अकोल्याहून आणून दिला.